वाळूजच्या भट्टीत निओडिमियम चुंबक: माझा अनुभव

आमच्या शेडमध्ये एरवी लोखंडी पावडरचे बुश आणि गिअर निघतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात रेअर अर्थ मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यातबंधनं घातली, अन् मोटरवाल्यांचे फोन सुरू झाले. त्या सातांत डिस्प्रोशियम आणि टर्बियम होते. मोटर तापली तरी चुंबकाने दम सोडू नये म्हणून हेच दोघं घालतात. ते नाहीत म्हटल्यावर दाणा, म्हणजे चुंबकाच्या आतला सूक्ष्म स्फटिक, बारीक ठेवणं एवढंच हातात उरतं, आणि दाणा बिघडतो तो सिंटरिंगमध्ये, म्हणजे दाबलेली पावडर भट्टीत तापवून घट्ट करताना.

चुंबकी क्षेत्रात दाबलेले कच्चे ब्लॉक सीलबंद मागवले. आत तीन ते पाच मायक्रॉनची पावडर, हवा लागली की तापणारी. व्हॅक्यूम भट्टी आमचीच. साधारण ६५० अंशांनंतर दाण्यांमधला निओडिमियमने भरलेला भाग वितळतो आणि दाण्यांना जवळ ओढतो. ब्लॉक आवळतो, पण सगळीकडून सारखा नाही. चुंबकनाच्या दिशेने जास्त. व्हर्निअर लावल्यावर ते लगेच कळतं.

१०२० अंशांचे तुकडे कच्चे राहिले. घनता मोजायला पाण्यात सोडले तर कडेने बारीक बुडबुडे येत होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच छिद्रांपाशी तांबूस डाग. मग तापमान चढवत गेलो.

११०० चे तुकडे पाहून भट्टीवरचे मामा खूश. ‘‘सर, घनता बघा की, ७.५ च्या वर गेली. आता हेच धरू.’’ लोखंडाच्या हिशेबाने त्यांचं बरोबर होतं. पण डीमॅग्नेटायझेशनचा आलेख, म्हणजे उलटं क्षेत्र वाढवत नेलं की चुंबकत्व कसं उतरतं ते, काढला तर जिथे रेष सरळ राहायला हवी तिथे खांदा पडलेला. सूक्ष्मदर्शकाखाली कारण दिसलं: काही दाणे शेजाऱ्यांना गिळून कित्येक पट फुगले होते. असा मोठा दाणा उलट्या क्षेत्रापुढे आधी लोळण घेतो. घनता वाढली, कोअर्सिव्हिटी, म्हणजे उलट्या क्षेत्रापुढे टिकण्याची ताकद, गेली.

१०६० च्या आसपास दोन्ही जमलं. हे तापमानही जॉबला टेकवलेल्या थर्मोकपलवरचं (तापमान मोजणारी तार). पॅनेलवरचा आकडा भट्टीच्या भिंतीचा असतो, त्यावर मी विसंबत नाही. त्यानंतर ५०० अंशांच्या थोडं वर पुन्हा तापवून झटकन गार करायचं. दाण्यांभोवतीचा निओडिमियमचा पातळ थर त्यात सलग होतो, आणि कोअर्सिव्हिटी डोळ्यांत भरेल इतकी वाढते. घाईत ही पायरी गाळणाऱ्यांचं मला नवल वाटतं. आमच्याकडे अडचण झाली ती मे महिन्यात: चिलरचं पाणी टँकरचं, तेच गरम, गार होणं लांबलं की आलेख पुन्हा खाली.

गिऱ्हाइकाला १५० अंश सोसणारा चुंबक हवा होता. डिस्प्रोशियमशिवाय आमचा तिथे पोचला नाही. कमी तापणाऱ्या पंख्यांच्या मोटरसाठी मात्र नमुने गेलेत. पुढच्या लॉटला तापमान वाढवणार नाही. १०५० वर ठेवून वेळ वाढवून बघणार आहे.