आमची वाटचाल : एका आडव्या रेघेपायी

बारा वर्षांपूर्वी शनिवार पेठेतल्या एका खोलीत आम्ही दोघा मित्रांनी सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं. सुरुवातीला नुसतं बिलिंग आणि व्हॅटचे हिशेब. त्यात सांगण्यासारखं काही नाही. आमची खरी शाळा भरली ती रविवार पेठेतल्या एका बेअरिंगच्या दुकानात.

माल शोधायला आम्ही मायएसक्यूएल या डेटाबेसचा फुल-टेक्स्ट इंडेक्स, म्हणजे मजकुरातल्या शब्दांची सूची, लावला, तोही बूलियन मोडमध्ये (चिन्हं टाकून शोधाला सूचना देता येतात तो प्रकार), आणि वर फुशारकीही मारली. दुसऱ्याच दिवशी शेठचा फोन आला. "साहेब, रबर सीलवालं मागतोय, तर तुमचं मशीन नेमकं तेवढंच लपवतंय!" जाऊन बघतो तर काउंटरवरचा मुलगा '६२०४ -२आरएस' असं टाइप करत होता, रेघेआधी एक जागा सोडून. ६२०४ हा बेअरिंगचा नंबर, २आरएस ही रबर सीलची खूण. बूलियन मोडमध्ये शब्दाच्या पुढे चिकटलेली रेघ म्हणजे 'हा शब्द वगळा'. मशीन बिचारं सांगितलेलं ऐकत होतं.

इंडेक्सच्या आत तर वेगळीच गंमत. तिथे रेघ आली की शब्द तुटतो. अंडरस्कोर मात्र अक्षरासारखा चालतो. ६२०४ एकीकडे, २आरएस दुसरीकडे. पत्र्याच्या शील्डचं '६२०४-झेडझेड' घ्या: 'झेडझेड' ही रोमन लिपीतली दोनच अक्षरं, आणि इनोडीबी (मायएसक्यूएलचा माहिती साठवणारा भाग) मुळात तीन अक्षरांपेक्षा लहान शब्द साठवतच नाही. ती मर्यादा बदलता येते, पण सर्व्हर पुन्हा चालू करून इंडेक्स नव्याने बांधावा लागतो.

मग आम्ही दुसरं टोक गाठलं. सगळी चिन्हं आणि मोकळ्या जागा काढून टाकलेला एक जादा कॉलम केला, शोधातल्या शब्दालाही तीच कात्री. आठवडाभर झकास चाललं. नंतर भोसरीच्या एका कारखान्यातून शेठना फोन: "दीडचं ड्रिल मागितलं, पंधराचं आलं!" १.५ मधलं टिंब आम्हीच खाल्लं होतं. अर्ध्या इंचाच्या निपलचंही (पाइप जोडायचा तुकडा) १/२ चं १२ झालं होतं. (बोलताना 'दीड' आणि 'अर्धा' म्हणतो तेच बरं, तिथे टिंब हरवायची सोयच नाही.)

त्यानंतर तीन दिवस काउंटरमागे स्टूल टाकून बसलो, गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐकत. मापं वेगळ्या कॉलममध्ये नेली, टिंबासकट. चिन्हं काढली फक्त कोडमधून; त्यावर साधा इंडेक्स, सुरुवातीपासून जुळवणारा. स्क्रीनवर मात्र डब्यावर छापलेला कोड जसाच्या तसा दिसतो. फुल-टेक्स्ट उरला वर्णनापुरता.

आता आम्ही अकरा जण आहोत. नवीन दुकान आलं की आधी जुनी बिलबुकं मागून घेतो. शेठच्या फोनमध्ये आमचा नंबर अजून 'दीडवाले' या नावाने आहे.