भार खालच्या पायावर

स्कीइंग म्हणजे बर्फावरून सुसाट खाली जाणं, एवढंच मला वाटायचं, आणि भंडाऱ्याकडच्या माणसाला दुसरं वाटणार तरी काय, आमच्याकडं मे महिन्यात पारा 45 ला टेकतो आणि बर्फ दिसतो तो रसवंतीवाल्याकडं, पोत्यात गुंडाळलेला. पण भाचा फौजेत आहे, गुलमर्गला स्कीइंगचं ट्रेनिंग करून आलाय. म्हणे, "सरळ खाली तं कोनीबी जाते मामा, वळता आलं पायजे. वळता आलं का स्पीडबी आपल्या हातात."

मग दाखवायला घेऊन गेला तलावाच्या पाळीवर. उतारावर आडवं उभं राहा म्हणाला. राहिलो, तर अंग आपोआप वरच्या बाजूला कललं, पायाखालचा मुरूम सुटून घरंगळत खाली. तो हसला, सगळे नवशिके हेच करतात म्हणे, भीती वाटली की डोंगराला चिकटायला बघतात, भार वरच्या पायावर जातो आणि खालची स्की, म्हणजे बुटाखाली बांधलेली लांब पट्टी, सुटते. करायचं नेमकं उलटं. भार खालच्या पायावर, घोटे आणि गुडघे वाकलेले, नडगी बुटाच्या पुढच्या बाजूला टेकलेली, आणि छाती उताराकडं. डावीकडं वळायचं तर उजव्या, म्हणजे बाहेरच्या स्कीवर भार द्यायचा, वळण झालं की तीच खालची होते. पाय कमरेखाली फिरतात, खांदे शांत. ऐकायला सोपं आहे, पण वळण सुरू करताना अंग स्वतःहून उताराकडं सोडून द्यावं लागतं, तिथं भल्याभल्यांची फाटते. मी पाळीवर बारीकसं सोडून पाहिलं तर खालून आई ओरडली, "कायले गा, दोघंबी पान्यात पडसान ना!"

खांदे गरकन फिरवून स्की वळवायची नसते हेही तेव्हाच कळलं. स्की कमरेत बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद असते, तिला काठावर कलवून दाबलं की ती वाकते आणि स्वतःच गोल जाते. पूर्वीच्या स्की जवळपास सरळ होत्या, 1990 च्या दशकात हा बारीक कमरेचा प्रकार रुळला आणि काम बरंच सोपं झालं. (अगदी नव्या पोरांना आधी पुढची टोकं जवळ, मागची लांब करून ब्रेक मारायला शिकवतात, त्याला पिझ्झा म्हणतात, आता बोला.)

तेव्हापासून मी रात्री कूलरसमोर पडून मोबाइलवर शर्यती बघतो. 2022 च्या बीजिंग विंटर ऑलिम्पिकला भारताकडून एकटा आरिफ खान होता, काश्मीरचा, जायंट स्लॅलममध्ये, म्हणजे रोवलेल्या काठ्यांच्या गेटांमधून वळत खाली यायच्या शर्यतीत, 45 वा आला. पहिल्या नंबरात नाही म्हणून लोक नाक मुरडतील, मुरडोत बापडे. एकदा स्लो मोशनमध्ये कोणाचंही वळण बघा, बाहेरचा पाय जवळपास ताठ, आतला गुडघा पार छातीकडं आलेला, आणि डोकं पुढच्या गेटकडं.

धानाचा चुकारा वेळेवर आला तर जानेवारीत गुलमर्गला जाऊ म्हणतो. बायको म्हणते, आधी मोरीची फरशी बसवा, घसरायची एवढीच हौस असेल तर तिथं घसरा.