परीक्षेला न येणारी पुस्तकं

नांदेड-लातूरच्या अभ्यासिकांत बसणारी पोरं भेटली की एक प्रश्न हमखास येतो. "सर, काय वाचू? पण कामाला येईल असं सांगा." परीक्षेचं तुमच्या क्लासवाल्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण तुम्ही विचारलंत म्हणून परीक्षेला न येणारं सांगतो.

पहिलं नाव नरहर कुरुंदकरांचं. मूळ कुरुंद्याचे, पुढं नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य. स्वतः इंटरला नापास झालेला माणूस, हे तुम्हाला मुद्दाम सांगतो. नाट्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत आणि निजामाच्या राजकारणापासून मर्ढेकरांपर्यंत त्यांना काहीच परकं नव्हतं. त्यांचं 'शिवरात्र' घ्या. तुम्ही कोणत्याही विचाराचे असा, त्यातला एखादा लेख झोंबणारच. झोंबला की त्यांचा मुद्दा आधी वहीत नीट उतरवून घ्या, मग खोडा. मला अजून सगळे खोडता आलेले नाहीत.

'श्रीमान योगी' तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी वाचलेली असते, प्रस्तावना मात्र ओलांडलेली असते. ती प्रस्तावना म्हणजे कुरुंदकरांनी रणजित देसाईंना लिहिलेलं लांबलचक पत्र. कादंबरी संपल्यावर ते वाचा. महाराजांवर जीव असलेला माणूस पुरावा कसा तोलतो, लाडकी दंतकथा कुठं बाजूला ठेवतो, ते दिसतं. गोष्ट आणि तिची उलटतपासणी एकाच पुठ्ठ्यात मिळण्याचा असा योग क्वचितच येतो.

मग आपल्या बोलीकडं या. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा', 1971 ची. खेड्यातल्या शिंप्याची बायको आपल्या तोंडानं संसाराची वाताहत सांगते. हे पुस्तक दिलेल्या एका पोरानं परत करताना विचारलं होतं, "सर, असंबी लिव्हता येतंय व्हय?" तो आता लिहितो की नाही, ठाऊक नाही.

आणि तिथून एकदम लांब जा. हेमिंग्वेची 'एका कोळियाने', पुलंनी मराठीत आणलेली. जायकवाडीपेक्षा मोठं पाणी न पाहिलेल्यालाही त्यातला म्हातारा कोळी कळतो. हाताशी आलेलं डोळ्यांदेखत जाणं मराठवाड्याला काय नवीन आहे?

चक्रधरस्वामींच्या आठवणी सांगणारं 'लीळाचरित्र' सलग वाचायला जाऊ नका, कंटाळाल. एकेक लीळा छोटी असते, रात्री दोन पुरे. तेराव्या शतकातली माणसं काय खात, कशावरून भांडत, कशाला हसत, ते त्यात आहे. अडलेल्या शब्दांसाठी टिपा असलेली आवृत्ती मात्र बघून घ्या.

विकत घेण्याची घाई नको. आधी तालुक्याच्या वाचनालयात अनामत भरा आणि कपाटं स्वतः धुंडाळा, ग्रंथपालावर सोडलंत तर गाईडच हातात पडतं. 'शिवरात्र' नसेल तर कुरुंदकरांचंच 'जागर' मागा. तेही चालतंय.