डेमोची फोर्कलिफ्ट कंटेनरात शिरली आणि वर टण्णकन आवाज आला

आमचं गोडाऊन शिवडीला, माल म्हणजे मिल्क पावडर, स्टार्च, कोको असलं बेकरीवाल्यांचं, सगळं २५ किलोच्या बॅगांत, लाकडी चौकटीवर म्हणजे पॅलेटवर रचलेलं आणि न्हावाशेवाहून कंटेनरने येणारं. डिझेल फोर्कलिफ्ट होती पण बंद गोडाऊनात धूर कोंडतो, त्यात एका मोठ्या कस्टमरच्या ऑडिटवाल्याने बॅग नाकाला लावून वास घेतला आणि काही न बोलता शेठकडे बघितलं, झालं, इलेक्ट्रिक घ्यायचं ठरलं.

कोटेशनं आली, सगळ्यांवर मोठ्या अक्षरात २ टन. शेठ म्हणाले आपलं पॅलेट एक टनाचं, मग स्वस्तातली बघून टाक. मी म्हटलं शेठ, आधी डेमो, तोही आपल्याच प्लॅटफॉर्मवर आणि आपला भरलेला कंटेनर लागलेला असताना, रिकाम्या शोरूममध्ये काय सगळ्याच गाड्या छान चालतात.

डेमोच्या दिवशी आमचे ऑपरेटर मामा बसले. गाडी मस्त, आवाज नाही, इतका नाही की एका हमालाला मागे गाडी आलीय हेच कळलं नाही. दारातली पहिली रांग झटक्यात निघाली, मास्ट, म्हणजे उचलायची पाती (फोर्क) ज्यावर वर-खाली होतात तो पुढचा उभा सांगाडा, बाहेरच होता ना. दुसऱ्या रांगेला मात्र गाडी आत घालावी लागली. माल दोन थरांत, म्हणजे वरचं पॅलेट उचलायला फोर्क मीटरभर तरी वर हवेत, मामांनी लिव्हर ओढला तसा फोर्कबरोबर मास्टही वर निघाला आणि कंटेनरच्या छताला टण्ण! साध्या कंटेनरची आतली उंची २.३९ मीटर, मास्ट खाली असतानाच २.१ च्या आसपास, मग राहिलं काय?

सेल्सवाला पोरगा हुशार, म्हणाला मामा दोन्ही पॅलेट एकदमच घ्या ना, थोडंसंच उचलायचंय, २ टनाचीच तर गाडी आहे. मामांनी चावी बंद केली, खाली उतरून डॅशबोर्डजवळची कॅपॅसिटी प्लेट बोटाने पुसली आणि मला बोलावलं. २००० किलो, पण लोड सेंटर ५०० एमएम, म्हणजे वजनाचा मध्य फोर्कच्या मुळापासून तेवढ्याच अंतरावर असेल तर. आमचं पॅलेट फोर्कवर १२०० लांब बसतं म्हणजे वजनाचा मध्य ६०० वर, तिथे हीच गाडी अंदाजे १८०० च घेते, फोर्क डावी-उजवीकडे सरकवणारा साइड शिफ्टर लावला की अजून कमी, आणि दोन पॅलेट लाकडासकट २ टनांच्या वर जातात. "मागची चाकं उचलली ना, की स्टेअरिंग फिरवून काय उपयोग नाय," मामा म्हणाले, बस्स एवढंच. पोरगा गप्प.

त्याच्याकडे फुल फ्री लिफ्टचा ट्रिपल मास्ट होता की! त्यात फोर्क आधी आतल्या आत वर जातात, मास्टची उंची तेवढीच राहते, कंटेनर खाली करायचा तर हेच लागतं. कोटेशनात नव्हता कारण त्याने किंमत वाढते आणि कुणी विचारलंच नव्हतं.

मग बॅटरीचा वाद. एका शिफ्टला लेड ॲसिड पुरते आणि सुरुवातीला स्वस्त पण पडते, पण शहरात अवजड गाड्यांना दिवसा बंधनं असल्याने आमचे कंटेनर बरेचदा रात्री लागतात, आणि लेड ॲसिडला साधारण आठ तास चार्जिंग, वर थंड व्हायला वेळ, डिस्टिल्ड वॉटर घालत बसा, शिवाय चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि आमच्याकडे हवेशीर कोपरा एकच, तिथे सगळे बिडी ओढतात. म्हणून लिथियम, जेवणाच्या सुट्टीतही लावता येते. पण जुन्या गाडीत नुसती लिथियम बसवून घेऊ म्हणणाऱ्यांनी जपून, लेड ॲसिडचं वजनही मागचा तोल सांभाळतं, लिथियम हलकी असते, ती वजनाची कसर कंपनीनेच भरून दिलेली पाहिजे.

चार्जर पावसाच्या पाण्यापासून उंच बसवायचा आणि बेस्टकडे लोडचं विचारायचं हे माझ्याकडे आलं. ट्रिपल मास्टची गाडी दाखवायला आणली तेव्हा मामा कुरकुरले, मधला सिलिंडर डोळ्यांसमोर येतो म्हणे, पण वरचं पॅलेट सुखरूप निघालं. शेठनी भाव करायला घेतला, मी मात्र पोराकडून कोटेशनवर लिहून घेतलं: ६०० एमएमला, साइड शिफ्टरसकट, पूर्ण उंचीवर किती किलो.