आठ कोपऱ्यांचा हिशेब

इंदूरला रामबागेत मी अकरावी-बारावीच्या गणिताचे क्लास घेते. कलनात, म्हणजे कॅल्क्युलसमध्ये, अडकलेलं मूल बहुतेक वेळा कलनात अडकलेलं नसतंच, हे माझं मत वर्षागणिक पक्कं होत गेलंय. अवकलनाचे, म्हणजे डिफरन्शिएट करायचे, नियम मुलं पाठ करतात, बरोबर लावतातही. घोळ होतो तो त्याच्या आधी नाहीतर नंतर. क्ष वर्ग बरोबर पाच क्ष असं दिसलं की दोन्हीकडचा क्ष उडवून टाकतात आणि शून्य हे उत्तर कायमचं हातातून जातं. बेरजेचं वर्गमूळ म्हणजे वर्गमुळांची बेरीज, असं खुशाल धरून चालतात. हे सगळं आठवी-नववीचं. शाब्दिक उदाहरणात मात्र याहून खोल काहीतरी असतं, आणि ते मी एका रविवारी समोर घडताना पाहिलं.

प्री-बोर्ड तोंडावर आली होती. बारावीतला एक मुलगा वडिलांबरोबर आला. वडिलांचं पत्र्याच्या डब्यांचं काम. शेव-फरसाणवाल्यांसाठी ते गोल डबे बनवतात. ते फी द्यायला आले होते, पण मुलाने फळ्यावर डब्याचं गणित मांडलेलं दिसलं तसे तिथेच बसले.

गणित नेहमीचंच. एक लिटरचा, म्हणजे १००० घन सेंटिमीटरचा बंद गोल डबा कमीत कमी पत्र्यात कसा बनेल? मुलाने पाठ असल्यासारखं सोडवलं. दोन झाकणं आणि बाजूची गुंडाळी यांच्या क्षेत्रफळांची बेरीज, घनफळावरून उंची काढून टाकली, डिफरन्शिएट करून शून्याशी मांडलं. उंची आणि व्यास सारखे. त्रिज्या साधारण ५.४२, उंची १०.८४. परीक्षेत पूर्ण गुण.

वडील म्हणाले, "मॅडम, एक विचारू? ह्यात कोपरे कुठे गेले?"

मला लगेच कळलं नाही. त्यांनी माझ्याकडून एक कोरा कागद मागून घेतला. त्यावर चौकोन काढला, आत बरोबर बसेल असा गोल काढला आणि चारही कोपऱ्यांवर बोट टेकवलं. "गोल कापला की हे चार उरतात. वरचा आणि खालचा मिळून आठ. पत्रा मी किलोनं घेतो. कातरण भंगारात जाते, पण पैसे तर माझेच गेले ना!"

मी मुलाच्या हातात खडू दिला आणि सांगितलं, बाबा म्हणतायत ते लिही.

बाजूच्या पत्र्यात काही बदल नाही. तो २००० भागिले त्रिज्या. पण झाकणासाठी आता वर्तुळ नाही, चौरस मोजायचा. त्याची बाजू त्रिज्येच्या दुप्पट, म्हणून क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या चौपट आणि दोन झाकणांचं आठपट. अवकलन केल्यावर त्रिज्येचा घन बरोबर १००० भागिले ८ आलं. इथवर सगळं ठीक. पुढे मुलाने १००० चं घनमूळ १० घेतलं, खालचा ८ तसाच ठेवला आणि उत्तर लिहिलं सव्वा सेंटिमीटर.

मी काही बोलायच्या आत वडील म्हणाले, "सव्वा? अरे, ती नळी झाली." मुलाने उंची काढून पाहिली तर दोन मीटरच्या वर गेली. मग त्यालाच सापडलं: आठाचंही घनमूळ काढायचं, ते दोन. त्रिज्या ५, नेमकी ५. उंची १२.७३.

वडिलांनी पिशवीतून दुकानातला एक डबा काढून टेबलावर ठेवला. मुलाने पट्टी लावली. उंची व्यासापेक्षा जास्त, बरीचशी फळ्यावरच्या उत्तरासारखी. त्यांना विचारलं, हे माप कुठून आलं? "माझ्या वडिलांपासून असंच आहे."

मग मी दोन्ही डब्यांचा खरा खर्च काढायला लावला. पुस्तकी डबा चौरसांतून कापला तर ६०४ चौरस सेंटिमीटर पत्रा लागतो, नव्या मापाचा ६००. चारचाच फरक! मुलगा हिरमुसला. एवढा खटाटोप करून एक टक्कासुद्धा नाही? वडिलांना मात्र नवल वाटलं नाही. "म्हणून तर थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं."

खरं गणित मला इथे दिसलं. पत्रा सर्वांत कमी लागतो त्या न्यूनतम बिंदूपाशी आलेख सपाट होतो, म्हणूनच तर तिथे अवकलज, म्हणजे आलेखाचा चढ, शून्य. माप थोडं सरकलं तरी पत्रा जवळपास तेवढाच लागतो. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६१५ साली दारूच्या पिंपांच्या घनफळावर लिहिलं तेव्हा हेच टिपलं होतं: सर्वांत मोठ्या घनफळाच्या आसपास पिंपाची मापं जराशी बदलली तरी घनफळात फरक पडलेला कळतसुद्धा नाही. कलन उभं करणारा न्यूटन तेव्हा जन्मलाही नव्हता. मी हे सांगितलं तेव्हा वडिलांनी मान डोलावली आणि मुलाने पहिल्यांदाच, पाठ न करता, आलेख स्वतः काढून पाहिला.

मला या मुलांसाठी जीव तोडून वाटतं ते हेच. समीकरण आकाशातून पडत नाही. काय मोजायचं आणि काय सोडायचं हे कोणीतरी ठरवतं. पुस्तकाने कोपरे सोडले, तेही चूक नाही, कारण तिथे प्रश्न पृष्ठफळाचा होता. दुकानात प्रश्न पत्र्याचा आहे.

वडील निघता निघता म्हणाले, झाकणाची पट्टी राहिलीच की. वरचं झाकण बसतं त्याला दोन सेंटिमीटरची कड लागते. ती धरली आणि समीकरण त्रिज्येच्या तिसऱ्या घाताचं झालं, पण सुबक उत्तर नसलेलं. मी न्यूटनची पद्धत दाखवली, अंदाजापासून निघून पायरीपायरीने उत्तराजवळ जायची: ५ पासून सुरुवात, एका पायरीत ४.७६, दुसरीत ४.७५. उंची १४ च्या थोडी वर. बारावीच्या परीक्षेला हे येत नाही, तरी त्या दिवशी बॅचमधली बाकीची मुलंही वह्या काढून लिहीत बसली.

उभ्या सांध्याची घडी अजून हिशेबात घ्यायची आहे. उंची जितकी जास्त तितकी ती लांब, म्हणजे ती डब्याला पुन्हा बुटका करायला बघणार. मुलाने मांडलं तर समीकरण चौथ्या घाताचं झालं. घडी किती रुंद धरायची, ते वडिलांना विचारून तो पुढच्या रविवारी सोडवून आणणार आहे.