आमची वाटचाल : बैल तुम्हीच शिवा

आमची पिशवी उघडली की तयार खेळणं निघत नाही. मांजरपाटाचे, म्हणजे साध्या जाड सुती कापडाचे, कापलेले तुकडे निघतात, दोन सुया, दोऱ्याच्या लड्या, पिंजलेल्या रुईचं पुडकं आणि चित्रांचा एक मोठा कागद. बैल शिवायचा तो घरच्या लेकरांनी. नागपूरच्या प्रदर्शनात बायका तुकडे उलटेसुलटे करून पाहतात आणि विचारतात, "ताई, शिवूनच का नाही देत? वर पन्नास रुपये घ्या." मी सांगते, शिवलेलं हवं असेल तर पलीकडच्या स्टॉलवर छान खेळणी आहेत, तिथून घ्या. काहीजणी नाक मुरडून जातात. काहीजणी जाऊन परत येतात आणि दोन पिशव्या नेतात, कारण घरी दोन लेकरं असतात आणि एका बैलावरून महाभारत होणार हे त्यांना ठाऊक असतं.

आमच्याकडेही सुरुवात अशाच भांडणातून झाली. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात आमचं गाव. कोरडवाहू शेती; कपाशी, तूर, थोडं सोयाबीन. २०२० साली शाळा बंद पडल्या आणि पोळ्यालाही गर्दी करायला बंदी आली. मोठा पोळा गोठ्यापुरताच झाला. पण तान्हा पोळा ही इकडच्या पोरांची हक्काची चीज आहे. विदर्भाबाहेरच्यांना सांगायला हवं : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, मुलं चाकांचे लाकडी नंदी सजवून दोरीने ओढत घरोघर जातात आणि बोजारा गोळा करतात, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजीराजांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली असं सांगतात. आमच्या घरात नंदी एकच होता, माझ्या यजमानांच्या लहानपणीचा, एक चाक मोडलेला. लेकरं चार : माझी दोन, जाऊबाईंची दोन. बाजार बंद, सुतार आजारी. सासूबाईंनी पेटीतलं एक विरलेलं लुगडं काढलं, माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाल्या, "घे, याचेच शिवून दे पोट्ट्यायले."

मी शिवून दिले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण शिलाई मशीन जाऊबाईंकडे, आणि वीज दुपारी असायचीच असं नाही. म्हणून चौघांनाही सुया दिल्या आणि धावदोरा शिकवला. चार बैल झाले. एकाचं वशिंड मानेवर आलं होतं, एकाला पोट नव्हतं, आणि धाकट्याचा बैल उभा केला की दारू प्यायल्यासारखा एका अंगावर कलायचा. तरी चौघं आपापला बैल उशाशी घेऊन झोपली. लाकडी नंदी कोपऱ्यात पडून राहिला, त्याच्यासाठी कोणी भांडलं नाही. शेजारच्या घरांतून विचारणा आली ती शिवलेल्या बैलांची नव्हती. "आमच्याही पोरीले शिकवता का?" असं लोक विचारत होते. धंदा कशाचा करायचा ते तेव्हाच ठरलं, फक्त कळायला पुढचा उन्हाळा उजाडला.

बैल हा नवशिक्यासाठी अवघड प्राणी आहे हे आधीच सांगते. हत्ती सोपा, मासा तर फारच सोपा. चार पायांचं जनावर उभं राहायचं तर दोन बाजूंच्या मध्ये पोटाची वेगळी पट्टी लागते, आणि तिला चारही पायांचा आतला भाग जोडूनच कापावा लागतो. ही पट्टी शिवताना वळणावर कापड गोळा होतं. मोठ्या माणसाला तिथे टाचण्या लावता येतात, पोरांना टाचण्या टोचतात. आम्ही त्यावर एक साधा उपाय काढला : दोन्ही तुकड्यांच्या कडेला शिंप्याच्या खडूने जुळत्या खुणा, लालला लाल, निळ्याला निळा. आधी खुणांवर एकेक कच्चा टाका घालायचा, मग खुणांच्या मधलं शिवायचं. सगळं पालथ्या बाजूने शिवायचं, पाठीवर चार बोटं जागा सोडायची आणि तिथून बैल सुलटा करायचा. शिंगं सुलटी करताना पोरं हमखास सुईचं टोक घालून ओढतात आणि कापड फाटतं. म्हणून पिशवीत आता बांबूची एक बोथट काडी असते. कापूसही तिनेच भरायचा, बोराएवढे गोळे करून, आधी पायांच्या टोकांत, मग शिंगांत, शेवटी पोटात. आधी पोट भरलं की पाय कायमचे लुळे राहतात.

वशिंड आम्ही सुरुवातीला वेगळं कापून लावत होतो. पोरांच्या हातचा जोड तिथेच उसवायचा, कारण खेळताना बैल धरला जातो तो वशिंडालाच. आता ते अंगाच्या तुकड्यातच आहे. आकार गवळाऊचा घेतलाय. पांढरा, लांबट तोंडाचा, आखूड शिंगांचा हा गोवंश आमच्याच वर्धा-नागपूर पट्ट्यातला. आता दावणीला फारसा दिसत नाही. मांजरपाटाचा रंग त्याला आपसूक जुळतो, रंगवायचा खर्च वाचतो. हे कारण मी प्रदर्शनात सांगत नाही, इथे सांगून टाकते.

सुईबद्दल पालक फार घाबरतात. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई आणि विरळ विणीचं कापड देतो. आठच्या पुढे टोकदार सुई चालते. बोट एकदा टोचतं, दुसऱ्यांदा टोचायच्या आत मूल शहाणं होतं. खरा शत्रू असतो तो दोरा. प्रत्येक मुलाला वाटतं की लांब दोरा घेतला की पुन्हा ओवायला नको. मग गुंता, मग रडणं, मग आईने हातातून ओढून घेणं. आमच्या कागदावर पहिलं चित्र दोऱ्याच्या मापाचं आहे : बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, दुहेरी करून. डावखुऱ्या मुलांसाठी तेच चित्र उलटं छापतो, कारण जाऊबाईंची मुलगी डावखुरी आहे आणि उजव्या हाताची चित्रं पाहून ती पार वैतागली होती.

मुलग्यांना शिवायला बसवलं तेव्हा गावात थोडी कुजबुज झाली. "पोट्ट्याले सुई-दोरा काऊन देता?" असं विचारणाऱ्या आबाजींचा जन्म मात्र सुतळी-दाभणाने कापसाची बोरी शिवण्यात गेलेला. ते त्यांच्या नातवानेच त्यांना सांगितलं. त्यानंतर आबाजीच येऊन पोरांना गाठ कशी मारायची ते दाखवून गेले, आणि खरं सांगायचं तर त्यांची गाठ माझ्या गाठीपेक्षा पक्की आहे. चित्रांच्या कागदावर आता तीच आहे.

कापसाच्या गावात राहून बैलात काय भरायचं यावर डोकं लावावं लागेल असं वाटलं नव्हतं. शेतातला कापूस थेट भरता येत नाही, त्यात सरकी असते. एक क्विंटल कापसातून रुई निघते साधारण ३४-३५ किलो, उरलेली बहुतेक सरकी. जिनिंगमधून, म्हणजे सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यातून, रुई आणायची, पिंजून घ्यायची, दोन उन्हं द्यायची. त्याउलट बाजारात मिळणारं पांढरं फायबर हलकं, फुगीर, धुतलं तरी गोळा होत नाही. रुई धुतली की गोळे होतात आणि आतून वाळायला दिवस जातात. व्यवहाराने पाहिलं तर फायबर सरस आहे. तरी आम्ही रुईवर आहोत. ती हाताला जड लागते, मुलाच्या कुशीत बैलाला वजन येतं, आणि आमच्या पंचक्रोशीत जे पिकतं ते सोडून बाहेरून पोत्यांनी फायबर आणावं हे मला पटत नाही. पिशवीवर स्पष्ट लिहितो : बुडवून धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसा आणि उन्हात ठेवा. ज्यांच्या घरी अगदी तान्हं मूल आहे, चोखणं-लाळ होणारच आहे, त्यांना मागितल्यास फायबरची पिशवी देतो.

घुंगराच्या बाबतीत मात्र पोरांचं मन मोडावं लागलं. बैल म्हटला की गळ्यात घुंगरू हवंच, पोरांची पहिली मागणी तीच. पण खेळण्यांच्या सुरक्षेच्या मानकात छोट्या भागांची एक चाचणी आहे : ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं. जी वस्तू न दाबता त्यात पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. गावच्या सुताराकडून तसं लाकडी नळकांडं करून घेतलं. घुंगरू मावलं, शर्टाचं बटण मावलं, मणी तर मावणारच. तेव्हापासून डोळे दोऱ्याने भरायचे, आणि गळ्यात रंगीत कापडाची वेणी. मोठ्या मुलांसाठी घुंगरू कोणी आपलं आपण लावलं तर त्याला आमची ना नाही.

नियमांचं सांगायचं तर १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. म्हणून माल वाढवण्याआधी कारागीर ओळखपत्रांच्या मागे लागलो. कागदपत्रं, फेऱ्या, साहेब जागेवर नसणं, हे सगळ्यांनाच माहीत आहे, ते लिहीत बसत नाही. पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत पारंपरिक बाहुली-खेळणी बनवणारेही आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. आमच्यातल्या एकीने अर्ज केला आहे. जीएसटी खेळण्यांवर १२ टक्के होता, सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला. आमची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेपर्यंत अजून पोहोचलेली नाही, पण कापड आम्ही कर भरूनच विकत घेतो, तेव्हा कराचं गणित आम्हालाही सुटत नाही.

कामाला बायका सात-आठ. कापणं, खुणा करणं, रुई तोलणं, पिशव्या भरणं. दिवाळीच्या सुमारास मागणी चढते आणि नेमकी तेव्हाच कपाशी फुटते. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, झालं की बायका वेचणीला जातात. वेचणीचे पैसे किलोवर, रोख, आणि शेजारणीसोबत गप्पा मारत. मी त्या दिवसांत कोणाला अडवत नाही, अडवूही नये. मीही आमच्या शेतात असतेच. त्यामुळे सगळं कापण्याचं काम उन्हाळ्यात, तुरी निघाल्यापासून पेरणीपर्यंत. घरात कापडाचे ताके आणि कापलेल्या बैलांचे गठ्ठे असतात, यजमान म्हणतात घर आहे की जिनिंग. दिवाळीत उरतं फक्त पिशव्या भरणं, ते रात्री होतं. कापड नागपूरच्या गांधीबागेतून एकदाच आणतो, एसटीने.

एक नियम सुरुवातीपासून आहे : विकायच्या मालाला लेकरांचा हात लागणार नाही. गावात पोरं शिवतात ती स्वतःसाठी. सुट्टीत ओसरीवर दहा-बारा जणांचा घोळका बसलेला असतो, आणि पाहुण्यांना वाटतं की आम्ही पोरांकडून माल काढून घेतोय. एका मोठ्या खरेदीदाराने तर उघडच सुचवलं होतं की "मुलांनी शिवलेले" म्हणून तयार बैल द्या, भाव चांगला येईल. भाव आला असता. पण मग मुलाचा वाकडा टाका उसवून सरळ करायला लावणारी मीच झाले असते.

त्या पोरांचा उपयोग आम्ही वेगळा करतो. नवा नमुना आधी त्यांच्यापुढे टाकतो आणि काही सांगत नाही. निम्म्या पोरांनी मध्येच सोडून विटीदांडू धरला की तो नमुना बाद. ससा असा बाद झाला, कानच कान शिवावे लागत होते. भुलाबाई-भुलोजींची, म्हणजे मुली गाणी म्हणत मांडतात त्या पार्वती-शंकराची, जोडी पास झाली, आणि ती भाद्रपद पौर्णिमेच्या आधी पंधरा दिवस सगळ्यात जास्त जाते. मुली त्यांना स्वतःच्या जुन्या फ्रॉकच्या चिंध्यांचं लुगडं नेसवतात.

पैशाच्या बाबतीत एक सल्ला, मागितला नाही तरी देते. दुकानात "विकेल तसे पैसे" या बोलीवर माल ठेवू नका. एका शहरातल्या दुकानाने आमच्या पिशव्या पोळ्याआधी घेतल्या, पोळा संपला, मग फोन उचलणं बंद. आता दुकानदाराला माल थोडा देतो पण रोखीने. प्रदर्शनं आणि पोस्टाने थेट घरी जाणारी पार्सलं, आमचं पोट त्यावर चालतं. पार्सल पुण्या-मुंबईला जास्त जातात. तान्हा पोळा न पाहिलेल्या घरांत आमचा बैल कसा खेळला जातो ते फोटोंतून कळतं; एकीच्या मुलाने तर त्याला पाठीवर पंख शिवले होते.

यंदा रोहीवर काम चाललंय, म्हणजे नीलगाय. उभं पीक खाणारं जनावर, त्यामुळे यजमानांचा साफ विरोध : "दिवसभर त्यायले हाकलतो, अन् रात्री तू त्यायले शिवत बसतं!" पोरांनी मात्र पहिल्याच दिवशी उचलून धरली. पाय लांब असल्यामुळे भरूनही वाकतात. रुईत बांबूची काडी घालावी तर ती टोचायची भीती, म्हणून सध्या पायांना दुहेरी कापड लावून पाहतोय. पावसाळ्यापर्यंत उभी राहिली तर दिवाळीला पिशवीत येईल. पोळ्याच्या बैलांची मागणी दरवर्षीप्रमाणे जूनपासून घेऊ.