माफी मागून झाली, पण हिशोबाचं काय?

वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन युनिव्हर्सिटीचं प्रकरण मी बरीच वर्षं फॉलो करतेय, स्वतः कॅथलिक असल्यामुळे ते डोक्यातून जातच नाही. १८३८ मध्ये हे कॉलेज चालवणाऱ्या मेरीलँडच्या जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) फादरांनी आपल्या मळ्यांवरची २७२ गुलाम माणसं १,१५,००० डॉलरला लुइझियानाला विकायचा करार केला आणि हाती आलेल्या पहिल्या पैशातून कॉलेजचं कर्ज फेडलं. या माणसांपैकी बरीचशी कॅथलिक होती, म्हणजे ज्यांनी बाप्तिस्मा दिला त्यांनीच विकलं. रोमहून जेझुइटांच्या प्रमुखांनी अटी घातल्या होत्या, कुटुंबं फोडायची नाहीत, त्यांना धर्म पाळता आला पाहिजे, पैसा कर्जात घालायचा नाही. त्या धाब्यावर बसवल्या गेल्या हे तर आहेच, पण मला राग त्या अटींचाच जास्त येतो, माणसं विका फक्त नीट विका, ही कसली नीती? आणि पुढच्याच वर्षी पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारं पत्र काढलं!

२०१५ ला युनिव्हर्सिटीच्या अध्यक्षांच्या ऑफिसबाहेर विद्यार्थी ठाण मांडून बसले तेव्हा कुठे विक्री करणाऱ्या फादरांची नावं इमारतींवरून उतरली. आता एका इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचं नाव आहे, विक्रीच्या कागदावर पहिलं नाव आयझॅकचंच होतं. १८ एप्रिल २०१७ ला युनिव्हर्सिटीत माफीची प्रार्थनासभा झाली, समोर त्या माणसांचे वंशज बसलेले, आणि जेझुइटांच्या वतीने फादर टिमथी केसिकी यांनी आम्ही घोर पाप केलं अशी कबुली दिली.

पण आपल्याला लहानपणापासून काय शिकवलंय? पापकबुलीनंतर प्रायश्चित्त येतं, आणि चोरलेलं परत करावं लागतं. हे त्या विद्यार्थ्यांना बरोबर कळलं. २०१९ ला त्यांनी मतदान घेतलं, प्रत्येकाने सेमिस्टरला २७.२० डॉलर वंशजांसाठी द्यावेत, आणि जवळपास दोन तृतीयांश मतं बाजूने पडली. युनिव्हर्सिटीने ती फी लावली नाही, त्याऐवजी देणग्यांतून फंड उभारायचं ठरवलं, म्हणजे जे देणं लागतो ते दान झालं. हे मला अजिबात पटलेलं नाही. २०२१ मध्ये जेझुइटांनी वंशजांबरोबरच्या फाउंडेशनला १० कोटी डॉलर द्यायचं जाहीर केलं, ते पाऊल मोठं आहे, पण विषय तिथवर आला तो वंशज स्वतः टेबलावर येऊन बसले म्हणून. खरं तर काळे कॅथलिक अभ्यासक १९७८ च्या बाल्टिमोरमधल्या त्यांच्या परिषदेपासून चर्चमधल्या वंशवादाचा प्रश्न मांडत होते, न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम युनिव्हर्सिटीतले फादर ब्रायन मॅसिंगेल तर नीतिशास्त्रच शिकवतात आणि त्यावर थेट बोलतात.

हाच प्रश्न आपल्याकडे जातीचा आहे. २०१६ ला भारतातल्या कॅथलिक बिशपांनी दलित सक्षमीकरणाचं धोरण काढलं आणि चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते हे मान्य केलं. त्यानंतर मानवी हक्कांवर जी सेमिनार होतात त्यांचं निमंत्रण हातात आलं की मी आधी वक्त्यांची यादी बघते, दलित ख्रिस्ती कुणी बोलणार आहे का, की फक्त त्यांच्याबद्दल पेपर वाचले जाणार आहेत? वसईत, मुंबईत, पुण्यात कुणी असं काही आयोजित करत असेल तर प्लीज हे एवढं तरी बघा, आणि शेवटच्या सत्रात पैशाचा, शाळा-कॉलेजातल्या प्रवेशांचा आणि नोकऱ्यांचा विषय ठेवा.